अवजारांसाठी शेड बांधायचंय : मळी नदीकाठची, माळ सामाईक. सल्ला द्या

बांधावरचा
११ फेब्रुवारी, रात्री ९:४२

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. सव्वातीन एकर ऊस, शिवाय थोडं भुईमूग-सोयाबीन. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, घरचं उरकून भाड्यानंही जातो. त्याच्यासोबत दोनचाकी ट्रॉली, सहा फुटी रोटाव्हेटर, पलटी नांगर, नऊ फणी कल्टिव्हेटर, रिजर, दोन मोटारी (एक नदीवर, एक विहिरीवर), ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, आणि वडिलांच्या काळापासूनचं 'असू दे, लागंल' म्हणून ठेवलेलं बरंच काही.

सध्या ट्रॅक्टर दारात, ट्रॉली देवळामागं, रोटाव्हेटर मळीत (नदीकाठच्या रानात) कागदाखाली. गेल्या पावसाळ्यात त्या कागदाखालीच रोटाव्हेटरचं बेअरिंग गंजून जाम झालं. बिल बघून बायको म्हणाली, एवढ्यात चार पत्रे तरी आले असते. तेव्हापासून डोक्यात शेड घोळतंय.

बेत असा : मळीत रस्त्याला लागून ४० बाय २५. उंची १२ फूट, दोनपाखी छप्पर. पुढच्या बाजूला दर दहा फुटांवर खांब, त्यात रोलिंग शटर. बाकी तिन्ही बाजू पत्र्यानं बंद. खाली सगळीकडं काँक्रीट. गावातल्या फॅब्रिकेटरनं ४२० रुपये स्क्वेअर फूट सांगितलेत, काँक्रीट आणि शटर वेगळं. बजेट ताणून ताणून ५ लाख. कारखान्याचं बिल जमा झालं की काम धरायचं, मृगाच्या आत पत्रा चढला पाहिजे.

कुठं चुकतंय का?

पेठेतला
११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

हल्ली पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) करतात, कारखान्यातून तयार होऊन येतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला खाली इपॉक्सी केलंय, धूळच राहत नाही. एक कॅमेरा लावून टाका, मोबाईलवर दिसतं.

लोखंडी
११ फेब्रुवारी, रात्री १०:२१

इपॉक्सीवर पलटी नांगर टेकवल्यावर काय होतं तेवढं एकदा बघायचंय मला.

नदीकाठची
११ फेब्रुवारी, रात्री ११:०३

दादा, बाकी सगळं राहू दे. २०१९ ला आणि २०२१ ला त्या जागेवर पाणी किती होतं?

बांधावरचा
१२ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

ताई, २०१९ ला मांडीभर. २०२१ ला छातीला लागलं असतं. पण तसा पूर काय दरवर्षी येत नाही. शिवाय दोन फुटांचं जोतं घेणार आहे. जागा रस्त्याला लागून आहे, डोळ्यासमोर राहतं.

नदीकाठची
१२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी शिरोळ तालुक्यातली. सासरे गेल्यापासून शेती मीच बघते, म्हणून जरा रोखठोक लिहिते, राग मानू नका.

छातीभर पाणी म्हणजे साडेचार फूट. त्यातून तुमचं जोतं दोन फूट. म्हणजे अडीच फूट पाणी आत येणारच. आणि दोन फुटांचा भराव फुकट होत नाही. हजार स्क्वेअर फुटाला दोन फूट म्हणजे २० ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम, दबाई धरली तर २५. एवढा पैसा घालून पाण्यात बसायचं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ च्या वर गेलं. दोन वर्षांच्या अंतरानं. 'दरवर्षी येत नाही' हे २०१९ नंतर आम्हीही म्हणत होतो.

आता खरी गोष्ट सांगते. पुरात ट्रॅक्टरचं काही होत नाही, ट्रॅक्टर चालत जातो. आमच्याकडं नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं (नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं) की लोक देवाला हात जोडतात आणि मोटारी सोडवायला लागतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, जनावरं उंचावर निघून जातात. मागं राहतं ते चाक नसलेलं. रोटाव्हेटर, स्टार्टरची पेटी, खताची पोती, ठिबकचे फिल्टर. २०१९ ला आमचं शेड आठवडाभर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचं बूच काढलं तर तेल चहासारखं दुधाळ. तेल बदललं, दोनदा धुतलं, तरी पुढच्या हंगामात बेअरिंग गेलंच. चारी बाजूंनी पत्रा ठोकला होता, तो वाहत्या पाण्याच्या दाबानं नदीकडच्या बाजूनं आत वळला आणि चिखल आत अडकला. उघडं असतं तर पाणी आलं तसं गेलं असतं.

तुमच्याकडं उंचावर दुसरं रान नाही का?

बांधावरचा
१२ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आहे. दीड किलोमीटरवर माळ आहे, वीस गुंठे. पाणी तिथं कधीच आलेलं नाही. पण लांब पडतं.

निवृत्त भाऊसाहेब
१३ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

मळीत पैसे घालण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहून घ्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, दोन्हींच्या मध्ये निर्बंध आहेत. तुमच्या वर्णनावरून मळी निळ्याच्या आत असण्याचीच शक्यता जास्त.

शेतजमिनीवर अवजारं, खत, चारा, माल ठेवण्यासाठी शेड बांधणं हा शेतीचाच भाग धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४१ वाचा. त्यासाठी बिनशेती करावी लागत नाही. मात्र शहरालगतच्या गावांना वेगळे निर्बंध आहेत. कोल्हापूर प्राधिकरणाच्या ४२ गावांत तुमचं गाव असेल तर आधी तिथं विचारा. शेडमध्ये अवजारंच ठेवा. उद्या तिथं गॅरेज काढून गावची वाहनं दुरुस्त करू लागलात तर तो वापर शेतीचा राहत नाही.

माळाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

बांधावरचा
१३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

तिथंच तर घोडं अडलंय काका. माळ सामाईक. माझं आणि थोरल्या भावाचं नाव. वाटणी तोंडी झालीय, मळी मला आणि विहिरीकडचं रान त्याला. माळाचं काही ठरलंच नाही. गेली चार वर्षं बोलणं 'पाणी सोडलंय' आणि 'मोटर बंद कर' एवढंच.

म्हणून मळीत बांधायचं म्हणत होतो. कुणाला विचारायला नको.

लोखंडी
१३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

म्हणजे भावाला विचारायला नको म्हणून पाच लाख नदीला द्यायचे. हिशोब कळला.

निवृत्त भाऊसाहेब
१४ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

लोखंडी यांनी जरा बेतानं घ्यावं. अशी घरं मी नोकरीत शेकड्यानं पाहिलीत.

रस्ते दोन आहेत. सहधारकांच्या संमतीनं त्याच अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटप करून घ्या, म्हणजे कायमचा प्रश्न मिटतो. तेवढा वेळ नसेल तर निदान भावाची लेखी संमती घ्या, जागेच्या कच्च्या नकाशासह. तोंडी होकारावर बांधू नका. तुमचं भावाशी पटेलही, पुढच्या पिढीला तो होकार आठवत नसतो.

बावड्याचा पाऊस
१४ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

जागेचं तुमचं ठरू दे, तोवर छपराचं बोलतो. मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडं वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो, शिरोळच्या ताईंकडं त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. तुम्ही मधले.

दोनपाखी कशाला? मध्ये कोन्याची पट्टी आली की गळतीची जागा आली. पंचवीस फूट रुंदीला एकपाखी पुरतं. पूर्वेला १५ फूट, पश्चिमेला ११. चार फूट उतार मिळाला की पाणी थांबत नाही. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिम बाजू ठेंगणी आणि बंद, तोंड पूर्वेला. पत्रा पश्चिमेला दोन फूट बाहेर काढा.

पण मग सगळं पाणी एकाच बाजूला पडणार. हजार स्क्वेअर फुटांवर १०० मिमी पाऊस झाला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. पन्हळ लावली नाही तर पहिल्या पावसाळ्यातच जोत्याखालचा मुरूम निघून जाईल. सहा इंची पन्हळ, दोन ठिकाणी उतरता पाइप. जमलं तर एक टाकी भरून ठेवा. तणनाशक मारायला पावसाचं पाणी बोअरच्या जड पाण्यापेक्षा कधीही बरं.

लोखंडी
१४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आता धंद्याचं बोलतो. उद्यमनगरात वर्कशॉप आहे, पण तुमचं काम मला नको, त्यामुळं खरं सांगायला हरकत नाही.

४२० चा दर ऐकून पुढं जाऊ नका, त्यात काय घालणार ते विचारा. १०० बाय १०० चा चौकोनी पाइप ४ मिमीचा घेतला तर मीटरला बारा किलोच्या आसपास भरतो. तोच २ मिमीचा सहा किलो. रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. स्क्वेअर फुटावर दर ठरला की जाडी उतरते, किलोवर दर ठरला की नको तिथं लोखंड चढतं. दोन्ही बघितलंय, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या काळात दोन्ही केलंय. तेव्हा दर किलोवर घ्या, पण प्रत्येक नगाचं माप आणि जाडी आधी कागदावर लिहून घ्या, आणि माल साइटवर येण्याआधी वजनकाट्याची पावती. पत्रा ०.५ मिमीचा मागा. ०.३५ चा पत्रा वर चढलेल्या माणसाच्या पायाखाली दबतो आणि तिथंच पाणी साचायला लागतं.

दुसरं, वळीव. पावसाळी वारा पश्चिमेचा हे बावडेकरांचं बरोबर, पण वळवाला दिशा नसते. पूर्वेच्या उघड्या तोंडातून आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो. शेड पडत नाही हो, उडतं. म्हणून खांबाच्या तळाला बेसप्लेट आणि काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट. दोन टोकांच्या गाळ्यांत कैचीला (छपराच्या सांगाड्याला) तिरके ताण द्या. पत्र्याच्या कडेच्या ओळीत स्क्रू दुप्पट. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, आणि रबरी वायसर दाबून चपटा होईपर्यंत पिळायचा नाही.

आणि सामाईक जागा असेल तर जोड नट-बोल्टचे ठेवा. कैच्या वर्कशॉपमध्ये वेल्ड करून आणायच्या, पण खांबाला, पर्लिनला (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्यांना) बोल्ट. उद्या वाटपात तो तुकडा भावाकडं गेला तर पाया सोडून सगळं उचलून नेता येतं.

गावठी इंजिनिअर
१५ फेब्रुवारी, सकाळी ११:४८

माळावर मुरूम किती खोल आहे? दीड-दोन फुटांवर पक्का लागत असेल तर पायाचा खर्च मळीच्या निम्म्यावर येईल. काळ्या मातीत पाया म्हणजे चालत्या बैलावर पाट ठेवण्यासारखं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं.

सगळीकडं काँक्रीट करू नका. ट्रॅक्टर मुरमावर बसला तर त्याचं काय बिघडत नाही. वरची माती काढून सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारून रोलर फिरवा. काँक्रीट फक्त एका गाळ्यात, सहा इंच जाड, जाळी घालून. तेल बदलायला, फाळ काढायला, खाली पडलेला नट सापडायला. बाकी अवजारं जुन्या ओंडक्यांवर टेकवा, मातीवर नाही. शटरही नको. पन्नास हजार वाचवा आणि त्यातून एका कोपऱ्यात दहा बाय दहाची विटांची खोली काढा, लोखंडी दाराची. चोरीला जातात मोटारी, केबल, बॅटरी. रोटाव्हेटर पाठीवर घेऊन कोण पळणार आहे?

खत मात्र त्या खोलीत नको. युरिया ओल धरतो आणि शेजारचं लोखंड खातो. त्याच कारणानं गोठाही शेडला चिकटवू नका, मुताच्या वाफेनं पत्रा आतून जातो.

नदीकाठची
१५ फेब्रुवारी, दुपारी २:२०

अजून दोन. शेडच्या भोवती चार-पाच फुटांचा पट्टा खडी टाकून मोकळा ठेवा. शेजारचा पाचट पेटवतो तेव्हा ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही, आणि ठिबकच्या नळ्या पेटल्या की विझत नाहीत. शिवाय उसाला लागून शेड म्हणजे उंदीर, आणि उंदराच्या मागं घोणस. उंदरांनी माझ्या ट्रॅक्टरचं वायरिंग एका पावसाळ्यात दोनदा खाल्लं.

आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर शेडमध्ये वेल्डिंग मशीन चालवू नका, अनधिकृत वापरात धरतात. एक सोलर दिवा पुरतो.

बांधावरचा
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

एवढ्या मनापासून कोण सांगत नाही. सगळं वहीत लिहून घेतलं. भावाचं बघतो.

पेठेतला
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. (माझ्याकडं शेत नाही. तरीही.)

गावठी इंजिनिअर
१७ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

कुणाशी काही बोलायच्या आधी एक करा. दहा रुपयांची फक्की घ्या, माळावर शेड खऱ्या मापात आखा, खांबांच्या जागी काठ्या रोवा. मग ट्रॅक्टर-ट्रॉली नेऊन आत घालून बघा. कागदावर सगळ्यांचीच ट्रॉली सरळ मागं येते.

बांधावरचा
२३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आज रविवार, आखून बघितलं. दहा फुटांच्या गाळ्यात ट्रॉली रिव्हर्स घालताना पहिली काठी मोडली. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा ट्रॉली आडवी फिरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकली. सात फुटांची ट्रॉली, दहा फुटांचा गाळा, वाटलं होतं तीन फूट उरतात. पुढं वळायला तीस-पस्तीस फूट तरी मोकळं पाहिजे, ते काढलं तर शेड बांधावर जातं.

हा तमाशा चालू असताना दादा पलीकडच्या बांधावर येऊन थांबला होता. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पाचव्या वेळेला तो जवळ आला, काही न बोलता मोडलेल्या काठ्या उचलल्या आणि म्हणाला, "रिव्हर्स कशाला घालतोस? आरपार काढ की."

म्हणजे असं : चाळीस फूट लांबी उत्तर-दक्षिण. पश्चिमेची भिंत बंद. दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या टोकाला बारा-बारा फुटांची तोंडं मोकळी. ट्रॉली दक्षिणेकडून आत, सकाळी उत्तरेकडून सरळ बाहेर. मागं घ्यायची भानगडच नाही. त्या बारा फुटांच्या पलीकडं, पूर्वेच्या अंगाला, तीन गाळे अवजारांना, तेरा-तेरा फुटांचे.

चार वर्षांनी बोलला तेही ट्रॉलीवरून.

लोखंडी
२३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

दादांचं डोकं भारी हाय. पण दोन्ही टोकं उघडी म्हणजे आता टोकाच्या कैच्यांचे ताण आडवे येणार, वाटेत. तिथं खांब आणि कैचीच्या कोपऱ्यात वर कोनात ब्रॅकेट द्यायला सांगा, ट्रॉलीच्या उंचीच्या वर. ट्रॉलीत ऊस भरलेला असतो तेव्हाची उंची धरा, रिकामीची नाही.

बांधावरचा
२४ फेब्रुवारी, सकाळी ७:००

भरलेली ट्रॉली थेट कारखान्याला जाते हो. पण वैरणीची येते. बरोबर, वाढवतो.

निवृत्त भाऊसाहेब
२४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

संमती?

बांधावरचा
९ मार्च, रात्री १०:१०

काका, घेतली. लेखी, नकाशासकट, दोन साक्षीदार. वाटपाचा अर्जही दोघांच्या सहीनं करायचं ठरलंय, ते निवांत होऊ दे. दादाची अट एकच, एक गाळा त्याच्या पॉवर टिलरला. मुरूम त्याच्या रानातून काढलाय, तेवढे पैसे वाचले. माळावर पावणेदोन फुटांवर पक्का मुरूम लागला.

फॅब्रिकेटरला किलोवर दर मागितल्यावर तो म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, नेटवर एकजण आहे. दोन दिवस फोन उचलला नाही, मग आला.

नदीकाठची
१० मार्च, दुपारी १२:१५

छान झालं. आता एक पाटी रंगवा आणि आत लावा. राजाराम बंधारा अमुक फूट झाला की नदीवरची मोटर काढायची, तमुक झाला की मळीतलं उरलेलं आणायचं. तुमच्या मळीत पाणी नेमकं कुठल्या आकड्याला शिरतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं, त्यांना विचारून लिहा. आणि मोटर उचलायला एका मजबूत कैचीला चेनपुलीचा हूक आधीच लावून घ्या, पण ते फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा, नंतर सांगितलं तर कैची वाकते.

बांधावरचा
३ जून, रात्री ९:२५

पत्रा २१ मे ला चढला. २६ ला वळीव आला, गारांसकट. सगळं जागच्या जागी. फक्त एका स्क्रूतून पाणी ठिबकतंय, तो मी स्वतः मारला होता, मोठ्या हौसेनं.

खर्च ४ लाख ८२ हजार, खोली धरून. पन्हळ दोन्ही पाइपांसह झाली. टाकी पुढच्या वर्षी.

आता अडचण अशी, की दादानं पॉवर टिलरसोबत स्वतःचा पेरणीयंत्राचा सांगाडा, कडबा कुट्टी मशीन आणि वडिलांचा जुना लोखंडी नांगर आणून ठेवलाय. म्हणजे त्याचे दीड गाळे झाले. रोटाव्हेटर परत बाहेर आहे. कागदाखाली.

लोखंडी
३ जून, रात्री ९:३१

पूर्वेला दहा फुटांची ओसरी काढा. बोल्टचंच शेड आहे, एक ओळ खांब वाढवले की झालं. तिकडं छप्पर पंधरा फुटांवर संपतंय, त्याच्या खाली बारा फुटांवरून दुसरं पाखं सोडायला भरपूर उंची आहे.

बांधावरचा
३ जून, रात्री ९:४०

दादाला विचारतो.